सहाव्या महिन्यात ठाणे-डोंबिवली, सोबतीला सासूबाई

पोटात बाळ असताना लोक केरळला जातात, हाउसबोटीत बसून नारळपाणी पितात आणि सूर्यास्ताकडे पाठ करून फोटो काढतात. मी ठाण्याला गेले. तेही कोलशेतच्या एका मसाल्याच्या कारखान्यात, डोक्याला जाळीची टोपी आणि तोंडाला मास्क लावून.

मी नाशिकला राहते आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांची तपासणी करते. स्वच्छता कशी आहे, माल कुठे ठेवलाय, कुठे बुरशी, किडे किंवा उंदरांच्या लेंड्या तर नाहीत ना, हे बघायचं आणि अहवाल लिहायचा. कोलशेतचा हा कारखाना सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. यंदा त्यांच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं आणि तारीख पडली नेमकी नवरात्रात, माझ्या सहाव्या महिन्यात.

आमचे साहेब गोड बोलून म्हणाले, "मुग्धा, तू आराम कर. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठवू." साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण 'या वेळी' कसं वाढत जातं हे मी ऑफिसात पाहिलंय. आधी एक दौरा जातो, मग एक गिऱ्हाईक जातं, आणि बाळंतपणाच्या रजेवरून परत आलं की आपल्या टेबलावर फक्त दुसऱ्यांचे अहवाल तपासायचं काम उरतं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते.

डॉक्टर म्हणाल्या, "जा की. सगळं नॉर्मल आहे. फक्त रेल्वेने जा. त्या हायवेने गेलीस तर खड्ड्यांनी माझं काम वाढेल. पाणी पीत राहा, तासातासाने उठून चाल, आणि जिना सोडून कशावर चढू नकोस."

घरात मात्र परिषद भरली. माझा नवरा निखिल म्हणाला, "मी आलो असतो गं, पण सुट्टी मिळणार नाही." सासरे, म्हणजे बाबा, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पण गरज आहे का?" पुण्याहून नणंदेचा फोन आला, तिनेही तेच विचारलं. मी उत्तरं देऊन देऊन थकले होते. तेवढ्यात आमटी वाढता वाढता आई म्हणाल्या, "मी जाते हिच्याबरोबर."

सगळे गप्प झाले, मीसुद्धा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, विजया. त्यांचं माझं छान जमतं, भांडण असं कधी नाही. पण चार दिवस, एक खोली, सोबत त्यांच्या सूचना आणि डिंकाचे लाडू? त्या जेवणाच्या वेळी माझ्या पोटात जे हललं ते बाळच होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नाशिक रोड ते ठाणे

सकाळची गाडी घ्या. गरोदर असाल तर आरक्षण अगदी दाराजवळच्या कोपऱ्यात नको, दारापासून दोन-तीन ओळी आत घ्या; स्वच्छतागृह जवळही हवं आणि त्याचा वासही नको. ही जागा मी अनुभवाने शोधली आहे. इगतपुरीला गाडी थांबली की गरम वडे येतात. मी दोन खाल्ले. आई नवरात्राच्या उपासाच्या. त्यांनी एक केळं सोलून अर्धं मला दिलं.

कसारा घाटात पावसाळा नुकताच संपलेला असतो तेव्हा डोंगर जसे दिसतात तसे वर्षभर पुन्हा दिसत नाहीत. कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या, कारवीच्या झुडपांनी उतार भरला होता, आणि प्रत्येक बोगद्यात शिरलं की पोटातलं पिल्लू लाथ मारायचं. समोरच्या बाकावरच्या काकूंनी माझ्या पोटाकडे टक लावून पाहत निकाल दिला, "पोट पुढे आलंय. मुलगाच."

आई शांतपणे म्हणाल्या, "माझंही पुढेच होतं. मुलगी झाली."

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. मी आईंकडे बघितलं. नणंद धाकटी, निखिल मोठा. नणंदेच्या वेळी पोट कसं होतं हे मला काय माहीत? पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. सहल बरी होईल असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग मोठी, पण माझ्याकडे बघून लोकांनी पुढे सोडलं. पोट हा या शहरातला सगळ्यात चांगला पास आहे. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, जरा हळू चालवा." तो आरशात बघून म्हणाला, "ताई, मी हळू चालवतो. खड्ड्यांचं माझ्या हातात नाय." आणि खरंच माजिवड्यापर्यंत त्याने ती रिक्षा दुधाचं पातेलं न्यावं तशी नेली. कापूरबावडी, ढोकाळी, मग कोलशेत रोड. एका बाजूला पंचवीस-तीस मजली इमारती, दुसऱ्या बाजूला जुन्या कारखान्यांच्या भिंती. भाडं दीडशेच्या आत झालं. हॉटेल साधं घेतलं होतं, दिवसाला अडीच हजारांच्या आसपास. लिफ्ट आहे का आणि जादा उशी मिळेल का, हे दोन प्रश्न मात्र फोन करून आधीच विचारा. डाव्या कुशीवर झोपायचं तर पोटाखाली उशी लागतेच. मला तीन मिळाल्या, त्यातली एक आईंनी स्वतःची काढून दिली होती हे सकाळी कळलं.

संध्याकाळी खाडीच्या बाजूला थोडं फिरलो. ओहोटी होती, चिखलावर बगळे, तिवरांवर मावळतीचं ऊन. कोळीवाड्याच्या तोंडाशी एक मावशी बोंबील विकायला बसली होती. वासाने मी ओढणी नाकाला लावली, तेवढ्यात ती म्हणाली, "ए पोरी, जा पुढं, तुला नाय सोसणार. बाळ झाल्यावर ये, ताजी कोलंबी देईन." गिऱ्हाइकाला स्वतःहून घालवणारी विक्रेती मी पहिल्यांदाच पाहिली.

पोटमाळा

दुसऱ्या दिवशी कारखाना. नवरात्रात ठाण्यात प्रत्येक दिवसाचा रंग ठरलेला असतो. त्या दिवशी पिवळा होता. गेटवरच्या सुरक्षारक्षक ताईपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळे पिवळे. मी एकटी निळी, कारण मला अंगात बसणारे दोनच कुर्ते उरले होते. आईंना मी हॉटेलवर सोडलं होतं. "दुपारी काहीतरी नीट खा," असं त्या मला तीनदा म्हणाल्या. त्या स्वतः काय खाणार, हे मी एकदाही विचारलं नाही.

गरोदरपणातलं नाक ही वेगळीच चीज असते. मला शेजारच्या फ्लॅटमधली फोडणी कुठल्या तेलाची आहे ते कळतं. अशा नाकाने मिरची भाजण्याच्या खोलीत जायचं म्हणजे काय, कल्पना करा. तिथला क्वालिटी मॅनेजर अभिषेक, तिशीचा, अत्यंत सज्जन. त्याने माझ्यासाठी प्रत्येक विभागात एक खुर्ची ठेवून दिली होती. हिंगाजवळ खुर्ची, हळदीजवळ खुर्ची, वजनकाट्याजवळ खुर्ची.

"मॅडम, बसा ना."

"अभिषेक, मी बसून तपासणी केली तर तुमचा कारखाना मला गुडघ्याएवढाच दिसेल."

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. मग आलं कच्च्या मालाचं गोदाम. तिथे नवीन पोटमाळा बांधला होता, धण्या-जिऱ्याची पोती वर, आणि वर जायला सरळसोट लोखंडी शिडी. अभिषेक म्हणाला, "मॅडम, वर नको. मी फोटो काढून आणतो."

फोटोवर मी कधीच तपासणी केलेली नाही. फोटोला वास नसतो. आणि माझ्या डोक्यात साहेबांचं 'या वेळी' घुमत होतं. मी शिडीला हात लावला, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. खाली उभी असलेली सगळी माणसं श्वास रोखून बघत होती. पोट शिडीला टेकलं. वर बघितलं तर पायऱ्या माझ्याच अंगावर येत होत्या. तेवढ्यात कळलं की मी हे धण्यासाठी करत नाहीये, दाखवण्यासाठी करतेय. कुणाला दाखवण्यासाठी, तर नाशिकला एसीत बसलेल्या एका माणसाला, जो इथे नव्हताच.

मी पाय खाली घेतला. म्हटलं, "वर मी जाणार नाही. फोटोही नको. मी सांगते ती पोती खाली आणा."

कुठली पोती आणायची ते मी ठरवलं: भिंतीलगतची, कोपऱ्यातली, सगळ्यात खालच्या थरातली. खालचं पोतं काढायचं म्हणजे वरची सगळी हलवावी लागतात. हमालांनी मनातल्या मनात मला काय काय म्हटलं असेल ते मी समजू शकते. तास गेला. जिरं ठीक. धण्यांचं पहिलं पोतं ठीक. दुसरं उघडायच्या आधीच मी म्हटलं, "याला ओल लागलीय."

अभिषेकने वास घेतला. "मला तर काहीच येत नाही, मॅडम."

"उघडा आणि तळातून काढा."

तळाशी ओंजळभर धणे एकमेकांना चिकटलेले, पांढुरकी बुरशी धरलेले निघाले. पोटमाळ्याच्या त्या कोपऱ्यात पत्र्यातून पावसाचं पाणी झिरपलं होतं. अभिषेकचा चेहरा उतरला, पण त्याने एक शब्द वाद घातला नाही. त्या कोपऱ्यातला सगळा माल तिथल्या तिथे बाजूला काढायला सांगितला, पत्र्याच्या माणसाला फोन लावला, आणि मग मला म्हणाला, "मॅडम, फोटो पाठवला असता तर हे सुटलं असतं ना?"

"सुटलं असतं."

"बाळाचं नाक जबरदस्त आहे."

इतका चांगला शेरा माझ्या कामाला यापूर्वी मिळालेला नाही.

टेंभी नाका

हॉटेलवर आले तर आई नवी साडी नेसून तयार, पिवळीच. "टेंभी नाक्याच्या देवीला जाऊ. इतकं आलोय." मी दमले होते, पण त्यांनी दिवसभर खोलीत बसून काढला होता. गेलो.

नवरात्रात टेंभी नाक्याला जायचं तर दुपारी जा, हा माझा सल्ला. आम्ही संध्याकाळी गेलो. रोषणाईच्या कमानी, ढोल, गजऱ्यांचे ढीग, फुग्यांचे गठ्ठे, आणि माणसांची रांग कोर्टाच्या बाजूला पार लांबवर. ऑक्टोबरचा उकाडा म्हणजे अंगावर ओलं घोंगडं घेतल्यासारखा. स्वयंसेवक मुलीने माझं पोट बघून हाक मारली, "ताई, तुम्ही इकडून या, बायकांच्या छोट्या रांगेतून." माझ्यामुळे आईंनाही सोडलं.

दहा-पंधरा बायका पुढे होत्या. मी पाठीला हात लावून उभी होते, आई माझ्या मागे. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं, मला आधार द्यायला. मग तो हात जड झाला, आणि मागून एक बाई ओरडली, "अहो, धरा यांना!"

आई खाली बसल्या नाहीत, घसरल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी खाली वाकूही शकत नव्हते नीट. पण गंमत बघा, माझं कामाचं डोकं चालू झालं. "तुम्ही पाय वर धरा. तुम्ही वारा घाला. गर्दी मागे करा. जवळ दवाखाना कुठे आहे?" पिवळ्या साड्यांमधल्या अनोळखी बायका मी सांगेन तशा हलत होत्या. दोघींनी त्यांना उचललं आणि मागच्या गल्लीतल्या एका छोट्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सने आमच्याकडे एक नजर टाकली आणि माझाच दंड धरून मला तपासणीच्या टेबलाकडे नेलं. "किती महिने झाले? पाणी गेलंय का?"

"अहो, मी नाही! त्या!"

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. साखर बघितली, रक्तदाब बघितला. "आज काय खाल्लंत?"

आई डोळे मिटून म्हणाल्या, "केळं."

"अख्खं?"

"अर्धं."

मला रडू आणि राग दोन्ही एकदम आलं. नाशिकपासून माझ्या प्रत्येक घासावर लक्ष ठेवणारी ही बाई आज दिवसभर अर्ध्या केळ्यावर होती. डॉक्टरांनी ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, वर पेढा खायला लावला. म्हणाल्या, "देवीला उपाशी भक्त नको असतात हो. उद्यापासून जेवायचं. वरई खा, राजगिरा खा, पण खा." मग माझ्याकडे वळून त्यांनी न विचारताच डॉपलर काढलं, "आलीच आहेस तर ऐकून जा," म्हणाल्या. त्या छोट्या खोलीत बाळाच्या हृदयाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे वाजले. आई उठून बसल्या. त्यांच्या गालावर रंग पेढ्याने आला की त्या आवाजाने, कोण जाणे.

रिक्षात मी म्हटलं, "आई, उद्या सकाळच्या गाडीने नाशिक. माझ्या अहवालाची शेवटची मीटिंग मी फोनवर घेते."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नाही. मीटिंग तू तिथे जाऊनच घ्यायची. आणि मला डोंबिवलीला न्यायचं. उद्या मी सगळं खाईन, तू म्हणशील ते खाईन. पण घरी न्यायचं नाही. आणि यांना कळवायचं नाही."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "बीपीची गोळी घेतली का?" आईंनी शांत आवाजात सांगितलं, "घेतली. छान दर्शन झालं." दर्शन झालंच नव्हतं.

डोंबिवली पश्चिम

दुसऱ्या दिवशी आईंनी साबुदाण्याची खिचडी माझ्यासमोर बसून, शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली. मग मी मीटिंग उरकली. धण्यांची गोष्ट अहवालात गेली, त्यांनी ती मान्य केली, आणि दुपारी आम्ही टॅक्सीने निघालो. ठाण्याहून डोंबिवलीला जायचं तर पूर्वी शिळफाट्याचा फेरा पडायचा. आता माणकोलीचा खाडीपूल झालाय. हायवेचा तुकडा सोडला तर मऊ प्रवास, अर्ध्या-पाऊण तासात मोठागाव. पुलावर गाडीची काच खाली करा. दोन्ही बाजूंना उल्हास नदीची खाडी, तिवरं, रेतीच्या बोटी. आई वळून वळून बघत होत्या. "आमच्या वेळी हे नव्हतं," म्हणाल्या. मी विचारलं, "आमच्या म्हणजे?" त्या म्हणाल्या, "चल, सांगते."

एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. पांढऱ्या केसांचा बॉब, चष्मा, गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक काकू. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग काकू नाकातून आवाज काढून म्हणाल्या, "कल्याण ट्रंक! नंबर प्लीज!"

आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आजवर मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, दारातच भिंतीला टेकून इतक्या हसल्या की मला पुन्हा ग्लुकोजची काळजी वाटली.

या शालनमावशी. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही काळ आई कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दोघी एका खोलीत राहायच्या. निखिलचे बाबा नोकरीला नाशकात, आई शनिवार-रविवारी तिकडे जायच्या. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी हे मला माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नाही. आई 'आधी नोकरी करायच्या' एवढं एक वाक्य होतं, तेही कुणा दुसऱ्याबद्दल असल्यासारखं.

शालनमावशींनी राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि मला वेगळी थालीपीठं केली होती. त्या दोघी बोलत होत्या आणि मी खात होते. ऑपरेटरने जोडून द्यायचा परगावचा ट्रंक कॉल म्हणजे काय, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग यांत फरक काय, कानाला हेडफोन लावून एका वेळी बोर्डावरच्या किती दोऱ्या सांभाळायच्या, तीन मिनिटं झाली की कॉल कसा तोडायचा.

"तुझ्या सासूचा आवाज असा होता ना मुग्धा," मावशी म्हणाल्या, "की कॉल लागला नाही तरी लोक भांडायचे नाहीत. 'बरं ताई, थांबतो' म्हणायचे. मला शिव्या घालायचे."

"मग सोडली का नोकरी?" मी विचारलं.

मावशींनी आईंकडे बघितलं. आई पुरीचा तुकडा मोडत होत्या.

"निखिलच्या वेळी," त्या म्हणाल्या. "असाच महिना, सहावा. गणपतीला नाशकाला गेले होते. परत निघायच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आता प्रवास नाही. वाटलं, बाळंतपणापुरतं असेल. मग बाळ लहान, मग दुसरं बाळ. खोलीतलं माझं सामान हिनेच बांधून पाठवलं."

"आणि मी सुपरवायझरला सांगत होते, येईल ती, येईल," मावशी म्हणाल्या. "सहा महिने सांगितलं. तुझ्या बदलीच्या ड्युट्या मी केल्या, विजू."

"माहितीय गं."

"बाबा काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

आईंनी जरा विचार केला. "त्यांनी अडवलं नाही. पण बोललेही नाहीत. तेव्हा तसंच असायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणून आले मी तुझ्याबरोबर. तुला सांभाळायला नाही. तू काय, चांगली सांभाळतेस. पण जेवताना एकेक जण 'गरज आहे का' म्हणत होतं आणि तुझा चेहरा असा होत होता. मला वाटलं, मी जाते म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद. कुणी बोलायला जागाच उरणार नाही."

हातातलं थालीपीठ मी ताटात ठेवलं. ज्या चार दिवसांना मी घाबरले होते ते त्यांनी माझ्यासाठी मागून घेतले होते. मी फक्त म्हटलं, "आई, मला आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर तू माझी कीव केली असतीस. मला सहल हवी होती."

रात्री मावशींकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. मग मी तेच ताट घेऊन आईंची ओटी भरली. टेंभी नाक्याची राहिली होती, ती डोंबिवलीत झाली.

कल्याण

तिघी रिक्षाने कल्याणला गेलो. मावशी पुढच्या चौकापासून हाताने रस्ता दाखवत होत्या, "डावीकडे घे रे भाऊ, आता उजवीकडे," जणू कालच ड्युटी संपवून आल्यात. एक्स्चेंजची इमारत उभी आहे. रंग उडालेला, आवारात गवत, गेटवर रखवालदार. तो म्हणाला, "आत जायला परवानगी लागते, आजी. आणि वर काय नाय आता, रिकामं आहे."

आईंनी हट्ट केला नाही. गेटबाहेरूनच बोट दाखवलं. "ती कोपऱ्यातली खिडकी. तिथे बसायचे मी. उन्हाळ्यात तिथे वारा यायचा म्हणून सगळ्यांना तीच जागा हवी असायची." मी फोटो काढला. दोघी सत्तरीकडे झुकलेल्या बायका, गंजक्या गेटसमोर, शाळेच्या ग्रुप फोटोत उभं राहतात तशा ताठ. रखवालदारालाच विनंती करून दुसरा फोटो तिघींचा काढून घेतला. त्यात माझं पोट सगळ्यात पुढे आहे.

वेळ होता म्हणून दुर्गाडी किल्ल्यावर गेलो. नवरात्रात पायथ्याशी जत्रा असते, पाळणे, बांगड्या, उसाचा रस. गरोदर बायकांसाठी सूचना: वर जायचं असेल तर सावकाश, आणि पाळण्यात अजिबात नाही. आम्ही थांबत थांबत वर गेलो. यावेळी दर्शन झालं. खाडीवरून वारा येत होता. आईंनी रस प्यायला, स्वतःहून दुसरा मागितला. शालनमावशी स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. गाडी हलली तरी दोघींची बोलणी संपली नव्हती. अखेर मावशी फलाटावर दोन पावलं चालल्या आणि ओरडल्या, "तीन मिनिटं झाली, कॉल कट करते!"

घरी

नाशिकला येऊन आता दोन आठवडे झाले. अहवाल गेला. साहेबांनी वाचला आणि धण्यांच्या परिच्छेदाखाली 'उत्तम' लिहिलं. रजेनंतरही कोलशेत माझ्याकडेच राहील, असं मी त्यांच्याकडून स्पष्ट बोलून घेतलं. ओशाळं न होता मागता आलं, हे मला सहलीतून मिळालं.

बाकी खर्चाचं म्हणाल तर कामाचा भाग कंपनीचा, उरलेला आमचा, आणि दोघींच्या चार दिवसांना तो एका साध्या वीकेंड रिसॉर्टपेक्षा कमीच. ठाणे-डोंबिवली सहलीला कुणी जात नाही. गरोदरपणात मात्र ही शहरं सोयीची आहेत: दर वळणावर दवाखाना, दर वळणावर खायला, आणि पोट दिसलं की माणसं बाजूला होतात.

काल रात्रीच्या जेवणाला मीच विषय काढला. म्हटलं, रजा संपल्यावर मी दौऱ्यांवर जायला लागले की बाळाचं कसं करायचं? मनातून मला उत्तर माहीत होतं. आई आहेत की.

आई ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाल्या, "मी सांभाळीन. पण महिन्यातले आठ दिवस मी डोंबिवलीला असणार. शालन एकटी असते, आणि आम्हाला गोवा बघायचाय. त्या दिवसांचं तुमचं तुम्ही बघा."

निखिल माझ्याकडे बघायला लागला, मी निखिलकडे. बाबा भाकरी हातात धरून म्हणाले, "आठ दिवस? मग बाळाला बघणार कोण?"

"तुम्ही," आई म्हणाल्या. "आजोबा ना?"

बाबा काही बोलणार होते. त्यांनी आईंकडे बघितलं. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि मला विचारलं, "मुग्धा, लंगोट बांधायला अवघड असतो का गं?"